मदत हवी आहे: बायोप्सी नॉर्मल, तरी लघवीत प्रोटीन काहून?

उमरेडरोड: पुतण्याच्या किडनी बायोप्सीचा रिपोर्ट आला. ग्लोमेरुलस (किडनीतली गाळणी) नॉर्मल, इम्युनोफ्लुरोसन्स (अँटिबॉडी साठल्या का ते बघायची तपासणी) निगेटिव्ह, खाली 'मिनिमल चेंज डिसीजची शक्यता, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी बाकी'. सगळं नॉर्मल तर लघवीत प्रोटीन फोर प्लस कसं? सुई भलतीकडेच टोचली का? डॉक्टर म्हणाले पोडोसाइटचा मामला आहे, सोमवारी या. घरात सगळे मलाच विचारून राहिले. कोणी लवकर सांगा.

लिंबूपाणी: वय? बीपी? क्रिएटिनिन? स्टिरॉइड चालू आहे का? सूज कुठे आहे?

काका_महाल: कुळथाचं कढण द्या. रोज सकाळी अनशापोटी. माझा खडा त्यानेच पडला, ऑपरेशन टळलं.

उमरेडरोड: खडा नाही हो काका. वय १४. सकाळी डोळे उघडत नाहीत इतकी सूज, संध्याकाळी पायावर उतरते, मोज्याचा वळ तसाच राहतो. बीपी बरं आहे.

लिंबूपाणी: आणि स्टिरॉइड? लहान मुलांना सहसा बायोप्सी न करताच सुरू करतात, म्हणून विचारतेय.

उमरेडरोड: बायोप्सीनंतर सुरू केलं. हे सगळं डॉक्टरांना माहीत आहे ताई, माझा प्रश्न वेगळा आहे.

स्लाइडवाली: पॅथॉलॉजीत आहे, म्हणून लिहिते. सुई बरोबर लागली; ग्लोमेरुलस मिळाले म्हणूनच तर ते नॉर्मल आहेत असं लिहिता आलं. साध्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही सुटं दिसत नाही. बिघाड आहे तो ४० नॅनोमीटरच्या आसपासच्या फटींत. तिथे काय दिसणार?

गाळणारा पडदा तीन थरांचा असतो. आतून केशवाहिनीच्या भोकं असलेल्या पेशी, मध्ये बेसमेंट मेम्ब्रेन, बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. पोडोसाइटचे पाय केशवाहिनीला मिठी मारून बसतात आणि शेजारणीच्या पायांत, दोन्ही हातांची बोटं गुंतवावी तसे, अडकलेले असतात. मधल्या फटीवर ताणलेला बारीक पडदा म्हणजे स्लिट डायफ्रॅम. समोरासमोरच्या पायांतून आलेले नेफ्रिन या प्रोटीनचे रेणू मधोमध एकमेकांना धरतात, त्यातून तो बनतो. नेफ्रिनचा जीन १९९८ मध्ये सापडला, फिनलंडमध्ये जास्त दिसणाऱ्या जन्मजात नेफ्रॉटिक (लघवीतून खूप प्रोटीन जाण्याच्या) आजाराचा माग काढताना. मिनिमल चेंजमध्ये हे पाय चपटे होऊन पसरतात, फटींची रचना मोडते आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन निसटतं. २०२२ पासून काही रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्ध अँटिबॉडीही सापडल्या आहेत. पेशी मात्र जिवंत असतात, म्हणून बहुतेक मुलांत स्टिरॉइडने पाय परत पूर्ववत होतात.

तर्कट: पोडोसाइटचं जरा जास्तच कौतुक चाललंय. आम्ही शिकलो तेव्हा खरी गाळणी बेसमेंट मेम्ब्रेन होती. तिच्यावरचा निगेटिव्ह चार्ज अल्ब्युमिनला परतवतो.

स्लाइडवाली: चार्जचा वाद अजून मिटलेला नाही, तो राहू द्या. पण ती मेम्ब्रेन बांधतं कोण? तिच्यातलं टाइप ४ कोलॅजन, अल्फा ३-४-५ वालं, पोडोसाइटच बनवतात. ते बिघडलं की अल्पोर्ट हा आनुवंशिक आजार: लघवीत रक्त, पुढे ऐकायलाही कमी. आतल्या थराची भोकंसुद्धा पोडोसाइटकडून येणाऱ्या व्हीईजीएफ या निरोप्या प्रोटीनवर टिकतात. कॅन्सरमध्ये व्हीईजीएफ अडवणारी औषधं घेणाऱ्या काहींच्या लघवीत प्रोटीन जातं, ते उगाच नाही.

तर्कट: म्हणजे तीनही थर लागतात. मी तेच म्हणून राहिलो.

लिंबूपाणी: नाही, तुम्ही ते म्हणत नव्हता 😀

निसर्गमित्र_वर्धारोड: स्टिरॉइड बंद करा, पोराचा चेहरा फुगेल. पुनर्नवाचा काढा सुरू करा. आणि प्रोटीन जातंय तर रोज चार अंडी नि पावडर.

लिंबूपाणी: उमरेडरोड, हे अजिबात करू नका. स्टिरॉइड मनाने एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. पावडरही नको, वयाला लागतं तेवढंच प्रोटीन पुरे. कमी करायचं ते मीठ. पापड, लोणचं, शेव बंद.

काका_महाल: मिठाशिवाय तर्री-पोहे? नागपूरच्या पोराला? त्यापेक्षा उपाशी राहील.

तर्कट: आजकाल तर्रीत चव उरलीच कुठे काका, नुसतं लाल तेल.

काका_महाल: महालात या, दाखवतो.

उमरेडरोड: तर्रीचा वेगळा धागा काढा बाप्पा. स्लाइडवाली ताई, समजलं. इलेक्ट्रॉनवाला रिपोर्ट येईपर्यंत आम्ही काय करायचं?

स्लाइडवाली: त्या रिपोर्टसाठी उपचार थांबत नाहीत. लघवी तपासायची पट्टी धंतोलीतल्या मोठ्या औषधांच्या दुकानात विचारा. रोज सकाळची पहिली लघवी घ्या, डबीवर दिलेल्या वेळेनेच रंग बघा, वहीत तारीख, प्लस आणि वजन लिहा. ताप आला, पोट दुखलं, धाप लागली किंवा एकाच पायाची सूज वाढली, तर सोमवारची वाट बघू नका, रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

उमरेडरोड: वजन रोज?

स्लाइडवाली: रोज. एकाच काट्यावर, नाश्त्याआधी.