अनुभव सांगा: रीफ टॅंकमधलं शेवाळ तुम्ही कसं आवरलंत?

मंडळी, घरी खाऱ्या पाण्याचा रीफ टॅंक, म्हणजे जिवंत कोरलचं (प्रवाळाचं) मत्स्यालय ठेवणारे आपल्यात आता बरेच झालेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच, शेवाळ. माझं ठाम मत आहे की कुठलंही औषध टाकायच्या आधी नेमकं काय उगवलंय ते ओळखावं, कारण तपकिरी पावडर, लाल साय, हिरवे केस आणि बुडबुडे धरलेली शेंबडी जाळी ही चार वेगळी प्रकरणं आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चक्क खतपाणी घालतो. म्हणून हा धागा. ज्यानं त्यानं आपलं सांगा, टॅंक केवढा, पाणी कुठलं, काय केलं, काय उपयोगी पडलं.

सुरुवात मी करतो. ठाणे, चार फुटी टॅंक, कोरडा दगड आणून सुरू केलेला. टेस्टमध्ये शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट जवळजवळ शून्य, नायट्रेटही नाममात्र, आणि दगडावर बोटभर लांब हिरवे केस. असं होतं कारण पाण्यात येईल ते शेवाळच खाऊन टाकतं, टेस्टला उरणार काय? शिवाय हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडत राहतो. त्यामुळे आकड्याकडे बघत न बसता हातानं उपटायचं हेच खरं काम. दगड बाहेर काढून टॅंकच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशनं घासायचा, आत घासला तर तुकडे उडून दुसरीकडे रुजतात. जोडीला सम्पमध्ये (टॅंकखालच्या फिल्टरच्या टाकीत) कीटो शेवाळ, त्याचा लाइट रात्री चालू, म्हणजे टॅंकचा दिवस संपला की त्याचा सुरू, आणि वाढलं की मूठभर काढून फेकायचं. ते बाहेर गेलं की फॉस्फेट बाहेर गेलं. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) पण लावलं पण अगदी थोडं थोडं, फॉस्फेट एकदम खाली ओढलं की अक्रोपोरा कोरलचं कातडं सुटायला लागतं.

पुणे, दोन फुटी

दादा, पाण्याबद्दल मी सांगते कारण आमच्याकडे सगळं तिथंच अडलेलं होतं. बरेच जण घरच्या प्यायच्या आरओचं पाणी वापरतात. त्या मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणजे जे काढायला आरओ घेतला तेच परत आत. टॅंकसाठी वेगळा आरओ डीआय (आरओनंतर उरलेले क्षार रेझिनमधून काढणारा फिल्टर) लागतोच. आणि डीआयची रेझिन संपत आली की तपकिरी पावडरीचं खाद्य असलेलं सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं, टीडीएस मीटर तेव्हाही शून्यच दाखवतो. वाळूवर तपकिरी पावडर पुन्हा पुन्हा येत असेल तर मीटरवर विसंबू नका, रेझिन बदलून बघा. नवीन टॅंकमध्ये मात्र ही पावडर, म्हणजे डायटम हे सूक्ष्म शेवाळ, येणारच, काही आठवड्यांत आपोआप जातात, तिथं काही करू नका. अजून एक, उन्हाळ्यात पाणी उडतं आणि रोज वरून भरावं लागतं, पाणी उडतं पण त्यातलं फॉस्फेट आणि सिलिकेट तिथंच राहतं. सोसायटीत टॅंकरचं पाणी यायला लागलं की मी प्रीफिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलते.

नागपूर

लाल साय आली होती भाऊ. ते शेवाळ नाहीच मुळी, सायनोबॅक्टेरिया आहे, चादरीसारखं अख्खं उचलून येतं. जिथं पाणी हलत नाही तिथं धरतं. वेव्हमेकरची (पाणी हलवणाऱ्या पंपाची) दिशा बदलली, पाणी बदलताना बारीक नळीनं ओढून काढलं, बस. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक टाकणारे पण आहेत, पण मेलेली साय सडते आणि पाण्यातला ऑक्सिजन खाते, आमच्याकडच्या मे महिन्यात गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, त्यामुळे एअर स्टोन लावल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

कोल्हापूर, तीन फुटी

माझ्याकडे डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशी जीव) होते, आणि हे मला सविस्तर लिहायचंय कारण लोक याला डायटम किंवा सायनो समजून पाणी आणखी स्वच्छ करत बसतात आणि डायनो तर नेमके तिथंच माजतात जिथं नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्याला टेकलेत. सकाळी वाळू बरीच स्वच्छ, दुपारपर्यंत तपकिरी शेंबूड आणि त्याच्या टोकाला हवेचे बुडबुडे, आणि गोगलगायी एकेक करून मरायला लागलेल्या. पोराचा शाळेचा मायक्रोस्कोप काढला, एक थेंब काचेवर घेतला तर थेंबाच्या आकाराच्या पेशी आपल्या टोकदार बाजूवर भिरभिर फिरत होत्या. हा ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोचाच एक प्रकार. रात्री तो वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून युव्ही (अतिनील दिव्याचा फिल्टर) थेट टॅंकच्या पाण्यावर लावला तर त्यात सापडतो. अँफिडिनियम हा दुसरा डायनो असेल तर तो वाळूतच राहतो, युव्हीचा खर्च वाया, तिथं लोक मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात म्हणजे ते जागा अडवतात. ओळख पटणं इतकं महत्त्वाचं आहे. मायक्रोस्कोप नसेल तर पाण्यासकट तो शेंबूड बाटलीत जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा, परत गोळा होऊन धागे धरले तर डायनो असण्याची शक्यता फार. मी नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर ठेवलं, हो, मुद्दाम घालून, आणि पाणी बदलणं थांबवलं. आधी थोडं हिरवं शेवाळ आलं, म्हणजे डायनोची जागा दुसरं कुणीतरी घ्यायला लागलं. ते बघून मला जो आनंद झाला तो या छंदात नसलेल्या माणसाला कळणार नाही.

बंगळूर, मूळ सांगलीचा

ताई, एकदम बरोबर. माझं ब्रायॉप्सिस हे हिरवं शेवाळ होतं, जवळून बघितलं तर पिसासारखं दिसतं, मधे दांडी आणि दोन्ही बाजूंना केस. गोगलगाय त्याला तोंड लावत नाही. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध टाकलं, लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० लिटरला १५०० मिलिग्रॅम. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा नाहीतर औषध तोच शोषून घेतो. दोन-तीन आठवडे लागतात, पहिल्या काही दिवसांत काहीच दिसत नाही म्हणून डोस वाढवू नका. आणि ते मेलं की त्यातलं सगळं पाण्यात परत येतं, तेव्हा नंतर पाणी बदला.

मालवण

मी टॅंकवाला नाही, डायव्हिंगवाला, पण वाचून राहवलं नाही. एक विनंती, इथून दगड नेऊ नका. दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्युल एकमध्ये आहेत, आणि मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनच. मेलेल्या कोरलचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. कोरडा दगड मुरायला वेळ घेतो हे खरं, पण वाट बघा. आणि समुद्रात शेवाळ आवरतात ते खाणारे. १९८३ मध्ये कॅरिबियनमध्ये काळ्या काट्यांचे समुद्री साळींदर (सी अर्चिन) रोगानं मेले आणि जमैकाचे रीफ बघता बघता शेवाळाखाली गेले. तुमच्या टॅंकमध्ये खाणारा कोण आहे ते आधी बघा.

वसई

मालवणकर भाऊंचं पटलं. माझ्याकडे टक्सिडो साळींदर आहे, काचेवरचं पण चाटून पुसून नेतो, फक्त कोरलचे सुटे तुकडे (फ्रॅग) पाठीवर घेऊन फिरतो, म्हणून ते आधी चिकटवा. टर्बो गोगलगाय भरपूर खाते पण उलटी पडली की बऱ्याचदा सरळ होता येत नाही आणि तशीच मरते, ट्रोकस गोगलगाय स्वतःच सरळ होते. आणि खाण्याकडे बघा, पाकिटातल्या फ्रोझन कोळंबीला बऱ्याचदा पॉलिफॉस्फेट लावलेलं असतं. मी बाजारातून ताजी आणते, धुते, बारीक करते आणि सुटलेलं पाणी फेकून देते.

ठाणे

सगळ्यांचे आभार, ताई, कॉफी फिल्टरची युक्ती वर पहिल्या पोस्टमध्ये टाकतो. व्हॅलोनियावर अजून कुणीच लिहिलं नाहीये, ते हिरवे गोल बुडबुडे. टॅंकमध्ये फोडले तर पसरतात असं बहुतेक जण म्हणतात, मी दगड बाहेर काढून चिमट्यानं मुळापासून काढतो. एमराल्ड खेकडा ठेवलेल्यांनी लिहा, तो खरंच खातो का, आणि पोट भरलं नाही तर कोरलला हात घालतो का?