अमेरिकन 'अर्बन' संगीत: उतरण खरी, की आपलं वय बोलतंय?

जर्सीकर

२०२५च्या ऑक्टोबरात दोन बातम्या लागोपाठ आल्या. १४ तारखेला आर अँड बी गायक डीअँजेलो गेला, अवघ्या ५१व्या वर्षी. आणि २५ ऑक्टोबरच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन यादीत पहिल्या चाळिसांत एकही रॅप गाणं नव्हतं, जे १९९० नंतर पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्या बातमीवर सगळीकडे रान पेटलं. मला मात्र दोन्ही बातम्या एकाच दुखण्याच्या वाटतात.

ज्यांचा या गाण्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सोल, फंक, आर अँड बी, हिप-हॉप अशा कृष्णवर्णीय संगीताला अमेरिकन रेडिओवाले सरसकट 'अर्बन' म्हणत आले. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्रँकी क्रॉकर या निवेदकानं रुळवलेलं हे नाव. २०२० मध्ये ग्रॅमीवाल्यांनी आपल्या एका पुरस्कारातून ते काढलं. मी सोयीपुरतं वापरतोय.

माझं म्हणणं: मुख्य प्रवाहातलं हे संगीत गेली पंचवीस वर्षं उतरत चाललंय. गुणी माणसं संपली म्हणून नव्हे. चार वादकांनी एका खोलीत बसून गाणं शिजवायचं, ही पद्धतच परवडेनाशी झाली म्हणून.

डीअँजेलोचा 'व्हूडू' हा अल्बम घ्या. जिमी हेंड्रिक्सनं बांधलेल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ही मंडळी महिनोन् महिने नुसती वाजवत बसायची. ड्रमवर क्वेस्टलव्ह, बेसवर पिनो पॅलाडिनो, ट्रम्पेटवर रॉय हारग्रोव्ह. त्यातलं 'अनटायटल्ड' ऐका. सहा मात्रांच्या संथ झोक्यात गाणं सात मिनिटं चालतं. सुरुवातीला आवाज जवळजवळ कुजबुजता. मग त्याच्यावर त्याचेच आवाज चढत जातात, आणि शेवटी ओळ अर्ध्यावर तुटते, वीज गेल्यासारखी. कुणाला घाई नाही. आणि हा अल्बम २००० साली बिलबोर्डच्या अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला होता. म्हणजे हा कोपऱ्यातल्या दर्दींचा माल नव्हता, बाजारात मधोमध मांडलेला होता.

मग बिघडलं कुठे? मी रेडिओकडे बोट दाखवतो. १९९६च्या दूरसंचार कायद्याआधी एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० स्टेशनं ठेवता येत. कायद्यानं ती मर्यादा उठवली, आणि काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनलकडे १,२०० च्या वर स्टेशनं जमा झाली. गावचा निवेदक गावची प्लेट लावायचा, ते गेलं. गाणी वरून ठरून येऊ लागली.

निशाचर

जर्सीकर साहेब, तुम्ही सत्तरीच्या दशकात जन्मलात हे कळवल्याबद्दल आभारी आहे.

नेल्सन जॉर्ज या जाणकार समीक्षकानं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या मृत्यूवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते आलं १९८८ साली! म्हणजे तुमचा सुवर्णकाळ सुरू व्हायच्या आधीच मयताचा दाखला निघाला होता. पुढे २००६ साली नॅस या रॅपरनं हिप-हॉप मेल्याची घोषणा अल्बमच्या नावातच केली. जे १९८८ ला गेलं, ते १९९८ ला गायिका-रॅपर लॉरिन हिलच्या अंगात कुठून संचारलं? पुढच्या ग्रॅमीत बाईंनी पाच पुरस्कार नेले.

आणि ती चाळिसांची बातमी. बिलबोर्डनं त्याच सुमारास नियम बदलला होता: जुनी गाणी यादीतून लवकर काढायची. रॅपर केंड्रिक लमार आणि गायिका सिझा यांचं 'लूथर' त्यातच बाहेर पडलं. ते गाणं त्याच वर्षी १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, हे कुणी सांगत नाही. वर टेलर स्विफ्टच्या ताज्या अल्बमनं यादीत पथारी पसरली होती. उलट बाजूही बघा. डिसेंबर १९९८ पर्यंत ज्या गाण्याची सुटी प्रत दुकानात नसेल ते हॉट १०० मध्ये धरतच नसत. १९९६ साली फ्युजीज या रॅप गटाचं 'किलिंग मी सॉफ्टली' अमेरिकेत रेडिओवर सतत वाजत होतं आणि यादीत त्याचा पत्ताच नव्हता. अशा यादीवरून कशाची चढण नि कशाची उतरण मोजताय?

पेठेतला

एका सुरात बडबड करायची आणि मागे धाड-धाड. याला संगीत कधीपासून म्हणू लागले? पंचमनंतर सगळं संपलं. विषय मिटला.

निशाचर

@पेठेतला, धन्यवाद. माझ्या मुद्द्याला पुरावा हवाच होता, तो स्वतः चालत आला.

तिरकीट

मी तबल्यातला माणूस, त्यामुळे मला या भांडणात सूर-शब्दांपेक्षा लयीचं जास्त पडलंय.

जर्सीकरांनी क्वेस्टलव्हचं नाव घेतलं, पण खरी गंमत सांगायची राहिली. 'व्हूडू'वर तो असा वाजवतो की ठोका पडेल पडेल म्हणताना किंचित मागे पडतो. बेस त्याच्याही मागे. कानाला वाटतं आता ठेका घसरणार, आणि घसरत नाही. आपल्याकडे ठुमरीत जाणता तबलजी लग्गीच्या आधी जसा रेंगाळतो, तसं काहीसं. पण हे तो शिकला कुणाकडून? डेट्रॉइटचा निर्माता जे डिला याच्याकडून. आणि डिला वाजवत होता यंत्र! एमपीसी नावाची चौकोनी बटणांची पेटी. इतरांची यंत्रं ठोके काट्यावर बसवायची, हा मुद्दाम एक सरळ ठेवून दुसरा सरकवायचा. आज ती पेटी वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहे. तेव्हा 'माणसं विरुद्ध यंत्र' ही मांडणी मला पटत नाही. हाडामांसाचा ड्रमर यंत्राकडून लय उचलत होता.

मी बोट दाखवीन ते कोर्टाकडे. १९८८-८९ च्या सुमाराला पब्लिक एनिमी, डी ला सोल हे रॅप गट एकेका गाण्यात जुन्या प्लेटांचे डझनावारी तुकडे विणायचे. १९९१ साली बिझ मार्की नावाच्या रॅपरवर खटला झाला, त्यानं गिल्बर्ट ओसलिव्हनचं गाणं न विचारता घेतलं म्हणून. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरीविषयीच्या आज्ञेनं केली. पुढे २००५ साली दुसऱ्या एका कोर्टानं फंकाडेलिक या फंक बँडच्या दोन सेकंदांच्या गिटारलाही परवाना लागेल असं ठरवलं. दोन सेकंद! झालं. ज्याच्या खिशात पैसे तो एक मोठा तुकडा विकत घेणार, बाकीचे कीबोर्डवर चार स्वर वाजवून मोकळे. तो दाट, गजबजलेला आवाज विरळ झाला तो इथे. डी ला सोलचा १९८९ चा पहिला अल्बम परवान्यांच्या याच गुंत्यामुळे ऑनलाइन यायला मार्च २०२३ उजाडला.

अनुस्वार

तिरकीट, प्रतिसाद वाचनीय, पण तुकडे उचलण्याचं इतकं कौतुक नको.

२००२ सालचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' आठवतंय? ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं, निर्माता डीजे क्विक. त्यात मागे सबंध गाणंभर लताबाईंचा आवाज आहे. १९८१ च्या 'ज्योती'मधलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. परवानगी नाही, नाव नाही. अमेरिकेतल्या क्लबांत लोक त्यावर नाचत होते आणि गातंय कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी लॉस एंजेलिसच्या कोर्टानं २००३ मध्ये सांगितलं की बप्पीदांचं नाव घातल्याशिवाय सीडी विकायच्या नाहीत. आपल्या घरातली वस्तू गेली की 'विणकाम' वगैरे शब्द सुचत नाहीत हो.

तिरकीट

नाव देऊ नका असं मी कुठे म्हटलं? २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटानं कल्याणजी-आनंदजींच्या दोन चालींवर गाणं उभं केलं, रीतसर श्रेय दिलं, त्या गाण्याला ग्रॅमीही मिळालं. तक्रार परवान्याबद्दल नाहीच, दराबद्दल आहे. दोन सेकंदांना आणि अख्ख्या मुखड्याला एकच न्याय लावला की गरीब पोरगा आधी बाहेर पडतो.

प्राजक्ता अटलांटा

मी इथे बरीच वर्षं राहते, म्हणून थोडं खडसावून बोलते. तुम्हा सगळ्यांचा सुवर्णकाळ न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या आसपास घुटमळतो, लक्षात येतंय का? १९९५ साली 'सोर्स' या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कारांत आमच्या अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीला न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो केली होती. २००४ साली त्याच आउटकास्टनं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेतलं. त्यानंतर दक्षिणेचा आवाज देशभर पसरला आणि नेमकं तेव्हापासून उत्तरेतल्या जाणकारांना उतरण दिसायला लागली. योगायोग असेल.

ट्रॅपला, म्हणजे आमच्या दक्षिणेतल्या रॅपला, तुम्ही 'धाड-धाड' म्हणता कारण तुम्ही ते लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरवर ऐकता. त्यातला ८०८ या ड्रम-यंत्राचा खर्ज कानानं नाही, पाठीनं ऐकायचा असतो. इथे गाणं पास होतं की नाही ते आधी गाडीत बसून ठरवतात. खिडक्या बंद करायच्या, आवाज वाढवायचा, आरशात मागची काच थरथरताना दिसली पाहिजे. तिथे गिटार, ट्रम्पेट यांची गर्दी केली तर खर्जाला जागाच उरत नाही, म्हणून बाकीचं मुद्दाम रिकामं ठेवतात. ती गरिबी नव्हे, मांडणी आहे. आणि ८०८ हे १९८० सालचं जपानी यंत्र. मार्विन गेनं १९८२ मध्ये 'सेक्शुअल हीलिंग' त्यावरच केलं. त्याला कुणी उतरण म्हणालं नाही.

खोलीत बसून वाजवणारे हवेत? केंड्रिकचा २०१५ चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' ऐका. सॅक्सवर कमासी वॉशिंग्टन, बेसवर थंडरकॅट, कीबोर्डवर रॉबर्ट ग्लास्पर. तोही पहिल्या क्रमांकावर आला होता. आणि २०१८ मध्ये केंड्रिकला 'डॅम' या अल्बमसाठी संगीताचं पुलित्झर मिळालं. अभिजात आणि जॅझच्या बाहेर ते तोवर कुणाला मिळालं नव्हतं.

हिशेबनीस

रेडिओ, कोर्ट ठीक आहे, पण पैसा कसा मोजतात ते कुणीच काढलं नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक वादन मोजलं. पुढचं ऐकलं काय, न ऐकलं काय. मग एक मिनिटाची प्रस्तावना कोण ठेवणार? १९९२ साली बॉइज टू मेनचं 'एंड ऑफ द रोड' १३ आठवडे पहिलं होतं, ते पाच मिनिटांच्या वर आहे. २०१९ साली 'ओल्ड टाउन रोड' १९ आठवडे पहिलं, मूळ गाणं दोन मिनिटांचंही नाही.

निशाचर

मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीची साठच्या दशकातली गाणी किती लांब होती? बहुतेक तीन मिनिटांच्या आतली. तेव्हा ४५ आरपीएमची छोटी प्लेट आणि रेडिओ लांबी ठरवत होते, आता फोन ठरवतो. मधली सीडीची वीस वर्षं हाच अपवाद होता, त्यात ७०-७५ मिनिटं भरायला किती भरताड घातली जायची ते विसरलात?

जर्सीकर

एकेक घेतो.

प्राजक्ताताई, खर्जाचा मुद्दा मान्य. पण केंड्रिकचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याच्यामागे आधीचा गाजलेला अल्बम होता, म्हणून कंपनीनं ती वादकांची फौज सोसली. पदार्पण करणाऱ्या पोराला हे कोण देणार? सत्तरच्या दशकात अर्थ, विंड अँड फायर, कमोडोर्स, गॅप बँड, कॅमिओ अशा स्वतः वाजवणाऱ्या तुकड्यांनीच हे क्षेत्र भरलेलं होतं. मग स्वस्त सिंथेसायझर आले, १९८३ पासून मिडी या जोडणी-पद्धतीनं यंत्रं एकमेकांशी बोलू लागली, आणि कंपन्यांना हिशेब कळला: नऊ जणांची बिदागी, विमानाची तिकिटं, खोल्या, रुसवेफुगवे सांभाळण्यापेक्षा एक देखणा गायक आणि एक निर्माता पुरे. रेडिओनं १९९६ नंतर फक्त शेवटचा खिळा ठोकला.

तिरकीट, डिलाचं बरोबर. पण डिलाचं यंत्र ऐकून ते हातानं वाजवायला दुसरा ड्रमर हजर होता, म्हणून पुढचा जन्म झाला. आज यंत्राचं ऐकून यंत्रच वाजतंय.

निशाचर, मयताचे दाखले १९८८ पासून निघतायत हे खरं. माणूस दीर्घकाळ आजारी असतो तेव्हा असं होतं!

निशाचर

दीर्घकाळ आजारी माणूस २०१७ मध्ये रॉकला मागे टाकून अमेरिकेत सगळ्यांत जास्त ऐकला जातो? आम्हालाही असा आजार द्या.

जर्सीकर

जास्त ऐकलं जातं म्हणजे चांगलं, असं असेल तर हा धागाच बंद करू आणि रील्स बघू.

प्राजक्ता अटलांटा

जर्सीकर, तुमच्या 'वादक उरले नाहीत' ला मी अजून उत्तर दिलेलं नाही. एकदा रविवारी इथल्या कुठल्याही मोठ्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये या. सोळा-सतरा वर्षांची पोरं ड्रम आणि ऑर्गनवर बसलेली असतात. पास्टर बोलता बोलता पट्टी चढवतो, पोरगा ऑर्गनवर त्याच्या शब्दाच्या पाठोपाठ जातो, कागद नाही, खूण नाही. डीअँजेलोही रिचमंडच्या चर्चमध्येच तयार झाला, वडील धर्मोपदेशक. ती शाळा बंद पडलेली नाही.

जर्सीकर

अहो, मग मी काय म्हणतोय? पोरं आहेत, शाळा आहे, नोकरी नाही. रविवारी अकराला जे वाजतं ते सोमवारी रेडिओवर का नाही, एवढाच माझा प्रश्न.

प्राजक्ता अटलांटा

नोकरी आहे, तुम्ही बघत नाही. 'द इंटरनेट' हा बँड बघा. स्वतः वाजवतात, स्वतः गातात, २०१५ चा अल्बम ग्रॅमीच्या नामांकनात होता.

जर्सीकर

बँड उत्तम आहे, माझ्याकडे आहे तो अल्बम. तो अटलांटाच्या कुठल्या स्टेशनवर भर दुपारी लागला ते सांगा.

प्राजक्ता अटलांटा

स्टेशन? माझ्या मुलीच्या गाडीत रेडिओ कुठून लावायचा हे तिलाच माहीत नाही.