फोन तिचा, ओटीपी कुणाचा?

उंबरठा:
बायकांना मोबाइल वापरायला शिकवायचा वर्ग घेते. परवा एकीचं ऑनलाइन विक्रीचं खातं उघडायला बसलो. नाव, पत्ता, मालाचे फोटो, सगळं भरलं. बँक खात्याला जोडलेला नंबर मात्र नवऱ्याचा. ओटीपी गेला त्याच्याकडे, आणि तो कामावर, फोन उचलेना. मुदत संपली. पुन्हा मागवला, पुन्हा संपली. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, "राहू दे मॅडम, रात्री बघते." नंतर फिरकलीच नाही. सर्वेक्षणात ही बाई 'इंटरनेट वापरणारी' म्हणूनच मोजली जाणार! हँडसेट कसले मोजता, खात्यावर ताबा कुणाचा ते विचारा.

रोखठोक:
असहमत. एका ओटीपीवरून केवढा निष्कर्ष! आयटीयूचे (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) २०२४ चे आकडे बघा: जगात ७० टक्के पुरुष आणि ६५ टक्के बायका इंटरनेट वापरतात. फोन स्वस्त होतील तसं हेही अंतर भरेल. केनियात २००७ मध्ये एम-पेसा आलं, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, ते काही खास बायकांसाठी नव्हतं. तरी सूरी आणि जॅक या अर्थतज्ज्ञांच्या २०१६ च्या अभ्यासाचा अंदाज असा की त्यामुळे सुमारे १,८५,००० बायका पोटापुरती शेती सोडून धंद्यात आल्या. फोन पोचला, काम झालं.

उंबरठा:
अहो, एम-पेसा तर माझ्या बाजूचं उदाहरण! साध्या बटणांच्या फोनवर चालायचं, एजंटकडे रोख भरली की पैसे तिच्याच नंबरवर, पिन तिचा तिला ठाऊक. आणि ७० नि ६५ मधले ते 'पाच टक्के' म्हणजे २०२४ मध्ये १८.९ कोटी माणसांचा फरक होता.

तिरपी रेघ:
ताबा मिळाला की सुटलं, असंही नाही हं. अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त उबर चालकांचा अभ्यास झालाय. भाडं ठरवणारं सूत्र बाई-पुरुष बघत नाही, तरी ताशी कमाईत बायका ७ टक्क्यांच्या आसपास मागे. खातं स्वतःचं असून!

रोखठोक:
त्याच अभ्यासात कारणंही दिलीत की. अनुभव, गाडी कुठे चालवता ते, आणि वेग. पुरुष जोरात हाकतात, जास्त फेऱ्या मारतात. यात भेदभाव कुठे आला?

तिरपी रेघ:
वेगाचं मान्य, जवळजवळ निम्मा फरक त्याचाच. पण अनुभव तासांनी येतो. बायका आठवड्याला कमी तास चालवतात, लवकर सोडतात. कुठल्या वेळी कुठे थांबलं की चांगलं भाडं मिळतं, हे अंगवळणी पडेपर्यंत त्या निघून गेलेल्या असतात. उरलेले तास कशात जातात ते ॲपला दिसत नाही. (तुम्हाला दिसत असेल अशी आशा.)

रोखठोक:
टोमणा पोचला. तासांचा मुद्दा घेतो, पण त्याला ॲपवाले काय करणार, तो घरातला प्रश्न. आणि उंबरठाताई, त्या बाईंचा नंबर बदलून का नाही दिलात? दोन मिनिटांचं काम.

उंबरठा:
केला ना प्रयत्न. नंबर बदलायलाही ओटीपी लागतो. जुन्या नंबरवर येतो.