बाग ग्रुप : छाटणीच्या फांद्या कशात लावायच्या?

बी-402: नमस्कार मंडळी. रविवारी माळीदादा गेटजवळची जास्वंद, मोगरा आणि क्लबहाउसमागचा चाफा छाटणार आहेत. फांद्या टाकू नका असं सांगून ठेवलंय. ज्यांना हव्यात त्यांनी सकाळी 9 ला खाली या. लावायच्या कशात ते ठरवूया. माझ्याकडे घरचं कंपोस्ट भरपूर आहे, सगळ्यांना पुरेल.

ए-103: वा! चांगलं खत असलं की मुळंही लवकर येतील.

सी-201: ताई, कंपोस्ट राखून ठेवा, पुढे कुंडी बदलताना लागेल. आत्ता नको. फांदीला मुळंच नाहीत, मग ती खत घेणार कशाने? मुळं फुटेपर्यंत ती स्वतःच्या साठ्यावर जगते. कंपोस्टमध्ये बुरशी आणि जिवाणू भरपूर असतात. वाढत्या झाडाला ते चांगले, पण ताजा काप त्यांच्यात खुपसला की कूज लागण्याची भीती. शिवाय खतातले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत.

डी-304: काका, मग कुंडीतली साधी माती चालेल? गच्चीवरच्या कुंड्यांत काळी माती आहे.

सी-201: काळी माती तर मुळीच नको. ती पाणी पिऊन फुगते आणि कणांमधली जागा बंद होते. मुळं फुटायच्या वेळी कापाजवळच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, त्यांना प्राणवायू लागतो. फांदी खालून काळी पडते तेव्हा बहुतेक वेळा तिथली हवा संपलेली असते, बुरशी मागून शिरते. म्हणून मी एकच बघतो: पाणी घातल्यावरही आत हवा राहते का? जे मिश्रण या परीक्षेत उतरेल ते घ्यावं, नाव काहीही असो.

बी-105: आमच्या गावी, कोकणात, जून लागला की जास्वंदीची फांदी कुंपणाला नुसती खोचायची, जगायची. एवढं काही करावं लागायचं नाही.

सी-201: आजी, अगदी खरं. तिथली जांभ्याची माती पाणी धरून बसत नाही, उताराने निचरा होतो आणि हवा इतकी दमट की पानं सुकत नाहीत. पुण्यात बाल्कनीच्या कुंडीत हे सगळं आपल्याला करून द्यावं लागतं.

ए-103: ऑनलाइन कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट मिळते. नुसतं तेच वापरलं तर?

सी-201: चालेल, पण दोन गोष्टी सांभाळा. एक, त्यात मीठ असू शकतं. वीट पाण्यात फुलवून, पिळून, पाणी टाकून द्या. असं दोन-तीनदा करा. दुसरं, नुसतं कोकोपीट पाणी फार धरतं. वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. वरचं बघून रोज पाणी घातलं की फांदी गेली. म्हणून त्यात अर्धं काहीतरी जाड, खरखरीत हवं. परलाइट उत्तम. तो ज्वालामुखीतल्या काचेचा खडा. भट्टीत तापवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगतो. वजनाला हलका, हवेला भरपूर जागा. पोतं उघडल्यावर आधी पाणी शिंपडा आणि तोंडाला रुमाल बांधा, धूळ छातीत जायला नको.

डी-304: परलाइट महाग पडतो हो. कंपाउंडच्या कामाची वाळू उरली आहे ना पार्किंगमागे?

सी-201: ती क्रश सँड आहे, दगड फोडून केलेली. त्यात पूड बरीच असते, ओली झाली की घट्ट बसते. बारीक चाळणीने चाळून खालची पूड टाका, वर राहिलेले दाणे पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मग ती चांगली. समुद्राची वाळू मात्र कुणी आणू नका, खारट असते.

बी-105: आणि भाताचं तूस? जळकं?

सी-201: आजी, माझ्या मनातलं बोललात! अर्धवट जळलेलं काळं तूस मला परलाइटपेक्षाही आवडतं. हलकं आहे, हवा खेळती राहते आणि मावळातल्या भातगिरण्यांकडे तूस सहज मिळतं. पांढरी राख होईपर्यंत जाळायचं नाही, राख अल्कधर्मी असते. काळं असतानाच पाणी मारून विझवायचं, धुऊन घ्यायचं. अर्धं ते, अर्धं कोकोपीट. आपल्या जास्वंद-मोगऱ्याला मी हेच सुचवेन.

ए-103: कुंडीच्या तळाशी खडी घालतो, म्हणजे निचरा चांगला होईल.

सी-201: खडीने उलटं होतं. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या खडीत सहजी उतरत नाही, वरचा थर पूर्ण भिजल्यावरच थेंब सुटतो. म्हणजे तळाचा चिंब भाग खडीच्या उंचीइतका वर सरकतो, नेमका कापापाशी. त्यापेक्षा उंच ग्लास किंवा उभी पिशवी घ्या, तळाला भोकं पाडा आणि एकच मिश्रण वरपर्यंत भरा. ओल किती? पिळलेल्या फडक्याइतकी. मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको.

डी-304: माझी मुलगी बाटलीत पाण्यातच लावणार म्हणते, मुळं दिसतात म्हणून.

सी-201: लावू दे की! मनीप्लांट, कोलियस, तुळस पाण्यात छान फुटतात आणि मुलांना मुळं येताना बघायला मिळतात, ते फार मोलाचं आहे. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायला सांगा. फक्त पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, लांब वाढली की मातीत रुळायला जड जातं. बोटाच्या पेराएवढी झाली की कुंडीत हलवा. मोगरा मात्र पाण्यात नको.

बी-402: मुळं लवकर फुटावीत म्हणून कापाला लावतात ती रूटिंग पावडर घ्यायची का?

सी-201: जास्वंदीला गरज नाही. मोगऱ्याला मदत होते. टोक ओलं करून बुडवा, जास्तीची झटकून टाका, आणि मिश्रणात आधी काडीने भोक पाडून मग फांदी बसवा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या पेराच्या, लगेच खाली घ्या, वरची दोन-तीन पानं ठेवून बाकी काढा, पानं मोठी असली तर अर्धी कापा.

बी-402: ठरलं तर मग. कोकोपीट मी भिजवून, धुऊन आणते.

ए-103: वाळू मी शनिवारी चाळून ठेवतो. उंच ग्लास पण आणतो.

सी-201: तूस माझ्याकडे. आणि एक, चाफ्याच्या फांद्या वेगळ्या ठेवायला माळीदादांना सांगा. त्यांचा चीक वाळून काप कोरडा होईपर्यंत, आठवडाभर तरी, सावलीत नुसत्या आडव्या ठेवायच्या. नंतर जाड वाळू जास्त असलेल्या मिश्रणात. त्यांच्यावर पाणी मारायचं नाही.

बी-105: मला मोगऱ्याच्या दोन हव्यात. वर आणून द्याल का कुणी?

डी-304: आजी, आम्ही दोघी लावूनच आणून देतो.