8 फुटी छत्री, 40 डीबी गेन, तरी हायड्रोजन दिसेना

गच्चीकर:
मंडळी, जुन्या केबलवाल्याकडून जाळीची 8 फुटी छत्री उचलली, फीडला (छत्रीसमोर लहरी पकडणारं तोंड) 15 सेंमीचा गोल पत्र्याचा डबा (1420.4 मेगाहर्ट्झ, आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरी इथेच येतात, त्याच पकडायच्यात), तिथून 3 मीटर पातळ केबल खाली खोलीत, मग एलएनए (कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर), मग डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा रेडिओ रिसीव्हर). एलएनए 0.6 डीबी नॉइज फिगरचा (म्हणजे स्वतःची खरखर कमी). डोंगलचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) 20 चा 40 डीबी केला तर ग्राफ आख्खा वर सरकतो पण आकाशगंगा डोक्यावर असताना पण उंचवटा काही येत नाही. अजून एक अ‍ॅम्प्लिफायर टाकू का, की छत्रीच लहान पडतेय? डब्यात कबुतरं पण बसतात, तो वेगळाच ताप.

सोल्डरकाका:
अहो नका टाकू. छत्री भरपूर आहे. गेनने सिग्नल वाढतो तेवढाच नॉइज पण वाढतो. गोची केबलमध्ये आहे, पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी जे जातं ते थेट आपल्या माथी. तसल्या केबलीत या फ्रिक्वेन्सीला 3 मीटरमागे 2 डीबी सहज जातात, म्हणजे 170 केल्विन नुसत्या केबलचे (नॉइज तापमानात मोजतात), वर एलएनएचे 43 चे 68 होतात. झाले 238. एलएनए डब्याच्या पाठीलाच लावा, बायस-टीने (सिग्नलच्याच केबलमधून वीज पाठवणारा जोड) वर पॉवर द्या, आणि नीट झाका नाहीतर पहिल्या पावसात राम. आधी मोजून बघा, ऑटो गेन बंद करून छत्री मोकळ्या आकाशाकडे (10 केल्विन धरा), मग फीड काढून तोंड जमिनीकडे (300 धरा). फरक सांगा.

गच्चीकर:
बरोब्बर 3 डीबी काका

सोल्डरकाका:
म्हणजे दुप्पट. टी म्हणजे आपल्या सेटचा स्वतःचा नॉइज धरा, 300 + टी = 2 × (10 + टी), टी आला 280. 238 चा हिशोब लागला, उरलेलं बहुतेक छत्रीच्या कडेबाहेरून फीडला जमीन दिसते त्याचं.

निवांत_पुणे:
काका हिशोब मान्य, पण 280 ला पण दिसायला हवं होतं की. 10 किलोहर्ट्झचा बिन (ग्राफचा एक कप्पा) आणि 100 सेकंद अ‍ॅव्हरेज धरलं तर गुणाकाराचं वर्गमूळ 1000, 280 ला त्याने भागलं की ग्राफची थरथर उरते 0.28 केल्विन, आणि आकाशगंगेतला हायड्रोजन दहा-वीस पट नाही, शंभर पट वर असतो. पण 40 केल्विनचा उंचवटा 280 वर म्हणजे जेमतेम अर्धा डीबी, आणि डोंगलचा स्वतःचा ग्राफच त्याहून वाकडा असतो, त्यात तो लपतो. डोंगल अर्धा मेगाहर्ट्झ सरकवून दुसरं रीडिंग घ्या आणि पहिल्याला त्याने भागा. दोन्ही लगोलग घ्या हं, उन्हात एलएनए तापून गेन 1 टक्का जरी हलला तरी 2.8 केल्विनचा घोळ. रॉबर्ट डिके या भौतिकशास्त्रज्ञाने 1946 मध्ये रिसीव्हर अँटेना आणि ठरावीक नॉइज यांच्यात आलटून पालटून जोडणारा स्विच लावला तो याच गेनच्या नाटकांपायी.

खगोलवेडा:
कबुतरांवरून आठवलं, अमेरिकेत होल्मडेलला पेन्झियस-विल्सन या शास्त्रज्ञांच्या हॉर्न अँटेनामध्ये पण होती. हाकलली, घाण साफ केली, तरी 3.5 केल्विन नॉइज काही जाईना, ते निघालं महास्फोटानंतर विश्वात उरलेलं प्रारण. 1978 चं नोबेल मिळालं त्याचं 😄 तुम्ही तुमची खुशाल हाकला

गच्चीकर:
एलएनए वर नेला, चटणीच्या डब्यात बसवलाय (घरी अजून कळलं नाहीये). जमीन-आकाश फरक आता 6 डीबी, म्हणजे चौपट, म्हणजे टी 87 केल्विन ना? काल रात्री सरकवून भागलं आणि उंचवटा आला!! एक नाही, दोन, एक बारीक एक जाड. दुसरा कशाचा?

निवांत_पुणे:
आकाशगंगेच्या वेगळ्या सर्पिल भुजेतला वायू असेल, वेगळ्या वेगाने जातोय म्हणून त्याची फ्रिक्वेन्सी सरकलीय. छत्री कुठे रोखली होती ते टाका.