साइटवरची पुल-आउट टेस्ट पुरेशी नाही
काही जण म्हणतात की साइटवर अँकर (काँक्रीटमध्ये भोक पाडून बसवलेला बोल्ट) ओढून बघितला, लोड घेतला, म्हणजे भूकंपातही चालेल, तर हे मला अजिबात पटत नाही. साइटवर आपण धड काँक्रीटमध्ये एकदाच सरळ ओढतो, भूकंपात काँक्रीटला तडे जातात आणि नेमका अँकरच्या भोकातून तडा गेला की खरी परीक्षा. युरोपात अँकरच्या भूकंपासाठी सी१ आणि सी२ अशा दोन टेस्ट आहेत, सी१ मध्ये ०.५ मिमी तडा उघडा ठेवून १४० वेळा लोड देतात, सी२ मध्ये तर तडाच उघड-बंद करतात, ०.८ मिमीपर्यंत, त्यात साधे एक्स्पान्शन अँकर (भोकात फुगून घट्ट बसणारे) सरकत बाहेर येऊ शकतात. १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटलची इमारत टिकली पण स्प्रिंकलरचे (आग विझवायला पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचे) पाइप फुटून पाणी झालं आणि पेशंट हलवावे लागले, म्हणून पाइपांच्या सपोर्टलासुद्धा सिस्मिक अप्रूव्हल (भूकंपासाठीची मान्यता) असलेलेच अँकर मागा प्लीज.