शस्त्रे बदलली, युद्धनीती खरोखर बदलली आहे का?

चर्चाप्रस्ताव : शोधयात्री

ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबर हल्ले आणि हायपरसॉनिक (ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाची) क्षेपणास्त्रे यांच्यामुळे युद्धाचे स्वरूप आमूलाग्र बदलले आहे, हे विधान गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा वाचनात आले की त्याचा नेमका अर्थ काय, हे जाणकारांना विचारावेसे वाटते. युक्रेनमधील आघाडीची वर्णने वाचताना खंदक, सुरुंग आणि तोफांचा अखंड भडिमार हेच पुन्हा पुन्हा समोर येते, आणि पहिल्या महायुद्धातल्या, १९१६ सालच्या सैनिकालाही त्यातले बरेचसे ओळखीचे वाटले असते. मग ज्याला आपण क्रांती म्हणतो ती केवळ साधनांची अदलाबदल आहे का? घोड्याच्या जागी रणगाडा आला, रणगाड्याच्या जागी ड्रोन आला आणि सेनापतीने करायचा मूळ विचार मात्र तोच राहिला, असे म्हणता येईल का?

दुसरा प्रश्न अधिक काळजीचा आहे. शीतयुद्धाच्या काळात अण्वस्त्रधारी देशांमध्ये जी काही अस्वस्थ स्थिरता होती, ती परस्परांच्या धाकावर उभी होती. नव्या तंत्रज्ञानाने त्या धाकाचा पाया खचतो आहे असे म्हटले जाते. तो कोणत्या बाजूने खचतो आहे, हे समजून घ्यायचे आहे. कृपया उदाहरणांसह लिहावे.

प्रतिसाद : दीपस्तंभ

साधने आणि नीती यांची इतकी सरळ फारकत करता येत नाही, असे माझे मत आहे. एखादे साधन पुरेसे स्वस्त झाले की ते नीतीलाच हात घालते.

काळ्या समुद्राचे उदाहरण घ्या. २०२२ च्या आरंभी युक्रेनच्या नौदलाकडे मोठी म्हणावी अशी एकच युद्धनौका होती, आणि ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून युक्रेनने मिकोलाइव्हच्या बंदरात स्वतःच बुडवली. ज्या देशाकडे आरमारच उरले नाही त्याने समुद्राची आशा सोडावी, अशीच नौदलांची परंपरागत शिकवण होती. प्रत्यक्षात किनाऱ्यावरून डागलेल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांच्या माऱ्यानंतर रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याची ध्वजनौका ‘मोस्क्वा’ १४ एप्रिल २०२२ रोजी बुडाली. त्यानंतर स्फोटकांनी भरलेल्या, पाण्याला अगदी चिकटून धावणाऱ्या आणि दुरून हाकल्या जाणाऱ्या मानवरहित नावा आल्या. २०२३ मध्ये रशियाला ताफ्यातील बरीच जहाजे सेव्हास्तोपोलहून पूर्वेकडे नोव्होरोसिस्कला हलवावी लागली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये युक्रेनच्या धान्याच्या जहाजांना सुरक्षित वाट देणाऱ्या करारातून रशियाने अंग काढून घेतल्यानंतरही युक्रेनची धान्याची जहाजे किनाऱ्याच्या कडेकडेने बाहेर पडू लागली. समुद्रावर स्वतः सत्ता गाजवणे आणि दुसऱ्याला ती गाजवू न देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी दुसरी आता आरमार नसलेल्या देशालाही परवडू लागली आहे.

खर्चाचे गणित तर याहून बोलके आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी या सशस्त्र गटाने सोडलेले, तुलनेने अगदी स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी अमेरिकी विनाशिकांना वीस लाख डॉलरांच्या आसपास किंमत असलेली क्षेपणास्त्रेही वापरावी लागली. प्रत्येक वेळी नेम अचूक लागला तरी दीर्घकाळात तोटा बचाव करणाऱ्याचाच होतो, कारण विनाशिकेवर क्षेपणास्त्रे मोजकीच असतात आणि ती संपली की भरून घेण्यासाठी बंदर गाठावे लागते. म्हणूनच जर्मनीने सेवेतून काढलेल्या, १९७० च्या दशकातील ‘गेपार्ड’ या विमानविरोधी तोफा युक्रेनमध्ये रशिया सोडत असलेल्या, मूळ इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनविरुद्ध विलक्षण उपयोगी ठरल्या. नव्या धोक्याला जुनी तोफ पुरी पडली, कारण तिचा गोळा स्वस्त होता.

प्रतिसाद : संयत

दीपस्तंभ यांच्या काळ्या समुद्राच्या उदाहरणाशी मी सहमत आहे, परंतु त्यावरून स्वस्त शस्त्र म्हणजे कायमची सरशी असा निष्कर्ष काढण्याची घाई होऊ नये. २०२० च्या नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धानंतर नेमकी हीच घाई झाली होती. अझरबैजानने जुनी सोव्हिएत बनावटीची एएन-२ ही दुपंखी विमाने वैमानिकाविना पुढे पाठवली. ती पाडण्यासाठी आर्मेनियाने आपली विमानविरोधी ठाणी उघडी केली, आणि वर टपून बसलेल्या बायरक्तार व हारोप ड्रोननी ती ठाणी टिपली. डाव अप्रतिम होता. रणगाड्यांचा काळ संपला, असे तेव्हा अनेकांनी लिहून टाकले. पुढे युक्रेनमध्ये पहिल्या काही आठवड्यांनंतर रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा सावरली आणि तेच बायरक्तार ड्रोन आघाडीवर फार जपून वापरावे लागले.

त्यानंतरचा क्रम तर शिकण्यासारखा आहे. छोट्या ड्रोनना रोखण्यासाठी दोन्ही बाजूंनी रेडिओ संकेत दाबून टाकणारी जॅमिंग यंत्रे आणली. त्यावर उतारा म्हणून २०२४ पासून ड्रोनच्या मागे काचतंतूची रीळ बांधली जाऊ लागली. केसाएवढी बारीक तार दहा-दहा किलोमीटर उलगडत जाते, संकेत तिच्यातूनच वाहतात आणि जॅमिंगचा उपयोग संपतो. आघाडीवरच्या शेतांत, झाडांवर आणि खंदकांवर आता या तारांचे चकाकणारे जाळे पसरलेले दिसते. एका बाजूने काढलेल्या युक्तीवर दुसरी बाजू काही महिन्यांत, कधी काही आठवड्यांत, तोड काढते. शोधयात्री यांना नीतीतील बदल शोधायचा असेल तर तो इथे शोधावा, असे मी सुचवेन. दहा वर्षे आराखडा करून तीस वर्षे वापरायचे शस्त्र, या हिशेबावर बेतलेली खरेदीची पद्धत, कारखाने आणि सैनिकी प्रशिक्षण या वेगापुढे टिकत नाही. आघाडीवरचा सैनिक आणि कार्यशाळेतला अभियंता यांच्यात किती अंतर आहे, ही आता सामरिक बाब झाली आहे.

प्रतिसाद : ध्रुवमत्स्य

प्रस्तावातील दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा बदल तिथे आहे. तो स्फोटाच्या ताकदीत नाही, विचाराला मिळणाऱ्या वेळात आहे.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मॉस्कोजवळच्या एका भूमिगत केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव या सोव्हिएत अधिकाऱ्यासमोरच्या यंत्रणेने अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटल्याचे दाखवले आणि थोड्याच वेळात तो आकडा पाचवर गेला. त्याआधी तीनच आठवडे सोव्हिएत विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि दोन्ही देशांतले वातावरण कमालीचे तापलेले होते. पहिला हल्ला करणारा देश केवळ पाच क्षेपणास्त्रे सोडणार नाही, असा विचार करून पेत्रोव यांनी वरिष्ठांना हा इशारा खोटा असल्याचे कळवले; जमिनीवरच्या रडारलाही पुढे काही दिसले नाही. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रहाने क्षेपणास्त्र समजले होते. त्या रात्री जे वाचवू शकले ते इतकेच की विचार करायला काही मिनिटे होती आणि यंत्रावर शंका घेणारा माणूस तिथे बसलेला होता.

हायपरसॉनिक शस्त्रांचा धोका या मिनिटांशी जोडलेला आहे. त्यांच्या वेगाचे कौतुक बरेच होते, पण आंतरखंडीय क्षेपणास्त्रांची अस्त्राग्रे पूर्वीपासूनच ध्वनीच्या वीसपट वेगाने खाली येतात. नवीन गोष्ट ही आहे की रशियाच्या ‘अवांगार्द’सारखे तरंगत जाणारे वाहन वातावरणाच्या वरच्या थरांतून, तुलनेने कमी उंचीवरून आणि वाटेत वळणे घेत येते. त्यामुळे जमिनीवरच्या रडारच्या क्षितिजावर ते उशिरा उगवते, आणि ते नेमके कुठे पडणार हे त्याहून उशिरा कळते. त्यात पारंपरिक स्फोटक आहे की अणुबॉम्ब, हेही बाहेरून ओळखता येत नाही.

शिवाय पारंपरिक आणि आण्विक यांच्यातली भिंतच पातळ होत चालली आहे. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींवरील लाकडी खोपटांत दडवलेले ड्रोन रशियाच्या आत खोलवर नेऊन सोडले आणि विमानतळांवर उभी असलेली लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने जाळली. त्यांतला बेलाया तळ सीमेपासून चार हजार किलोमीटरहून दूर, सायबेरियात आहे. ती विमाने युक्रेनवर क्षेपणास्त्रे सोडण्यासाठी वापरली जात होती, म्हणून युक्रेनच्या दृष्टीने ते पूर्णतः न्याय्य लष्करी लक्ष्य होते. पण तीच विमाने अण्वस्त्रेही वाहू शकतात, म्हणजे रशियाच्या आण्विक दलाचा एक पायही त्यांच्यावर उभा आहे.

प्रतिसाद : शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. ध्रुवमत्स्य यांच्या लेखनावरून असे वाटते की निर्णयाच्या साखळीत माणूस ठेवला की प्रश्न बराचसा सुटतो. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी लिमा येथे बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रांच्या वापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहिला पाहिजे, असे मान्य केले होते. तेवढे पुरेसे आहे का?

प्रतिसाद : ध्रुवमत्स्य

ते आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात पॅट्रियट ही हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रे हाताळणाऱ्या एका अमेरिकी तुकडीच्या यंत्रणेने कुवेतला परतणाऱ्या ब्रिटिश टॉर्नेडो विमानाला रडारवर चालून येणारे क्षेपणास्त्र ठरवले. निर्णय माणसांच्याच हाती होता. त्यांच्यापाशी जेमतेम मिनिटभर वेळ होता, त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला आणि दोन वैमानिकांचा जीव गेला. याच्या उलटही घडले आहे. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेवरील यंत्रणा इराणचे प्रवासी विमान वर चढत असल्याचे बरोबर नोंदवत होती, परंतु तणावाखाली असलेल्या माणसांनी ते आपल्यावर झेपावत असल्याचे एकमेकांना सांगितले, आणि २९० लोक मारले गेले. एकदा यंत्र चुकले, एकदा माणूस चुकला. घाई दोन्ही ठिकाणी होती.

प्रतिसाद : उत्तररात्र

सायबर हल्ल्यांचा उल्लेख अजून आलेला नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरण्याच्या सुमारास व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह-सेवेचे हजारो मोडेम निकामी करण्यात आले. त्याच फटक्यात जर्मनीतील ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाचा संपर्कही तुटला, म्हणजे युद्धात नसलेल्या देशालाही त्याची झळ बसली. युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिका यांनी रशियाला जाहीरपणे जबाबदार धरले ते मे महिन्यात. धाक बसवायचा तर हल्ला कोणी केला हे वेळेत कळावे लागते. इथे अडीच महिने गेले. क्षेपणास्त्राच्या बाबतीत वेळ फारच थोडा मिळतो, आणि सायबर हल्ल्याच्या बाबतीत उत्तर इतके उशिरा सापडते की प्रत्युत्तराचा क्षणच निघून गेलेला असतो.

प्रतिसाद : संयत

शस्त्रनियंत्रणाबद्दल लिहिल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या कराराने २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. तो करार चालला याचे कारण ती मोजता येत होती. बंदी घातलेल्या एसएस-२० या सोव्हिएत क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा बंदी नसलेल्या एसएस-२५ च्या पहिल्या टप्प्यासारखाच दिसत असे. म्हणून अमेरिकी निरीक्षक रशियातील वोत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र-कारखान्याच्या फाटकावर तब्बल तेरा वर्षे तैनात राहिले, बाहेर पडणाऱ्या वाहनांची मापे घेत आणि लांबलचक पेट्यांच्या आत क्ष-किरणांनी पाहत. सोव्हिएत निरीक्षकही तसेच अमेरिकेतील यूटा राज्यात मॅग्ना येथे बसले होते.

आता असे फाटक कुठे उभारणार? माणसाने हाकायचा ड्रोन आणि स्वतः लक्ष्य निवडणारा ड्रोन बाहेरून एकसारखेच दिसतात, आणि पहिल्याचा दुसरा करायला एका रात्रीत पाठवलेली नवी संगणकप्रणाली पुरते. स्वायत्त शस्त्रांवर जिनिव्हात २०१४ पासून चर्चा चालू आहे, डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यावरच्या ठरावाला १५२ मते पडली, तरी बंधनकारक करार झालेला नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

तरीही मी निराश नाही. डोळे कायमचे आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये, ती रणांगणावर रुळण्याआधीच, बंदी आली. शस्त्र मोजता येत नसेल तर कृतीवर मर्यादा घालता येते, आणि काही कृती साऱ्या जगाला दिसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने स्वतःचा कॉसमॉस-१४०८ हा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तेव्हा माग काढता येण्याजोगे दीड हजारांहून अधिक तुकडे झाले आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीरांना, ज्यांत रशियाचे स्वतःचेही होते, परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेने असे चाचणी-स्फोट न करण्याचे जाहीर केले आणि अनेक देश तिच्या मागोमाग आले. हे वचन मोडले गेले तर ते सक्षम रडार असलेल्या कोणालाही दिसेल.

लिमाच्या विधानाकडेही मी याच नजरेने पाहतो. निर्णय माणसाचा असेल एवढे त्यात मान्य झाले. त्या माणसाला विचारासाठी किती वेळ मिळेल, याबद्दल त्यात काही नाही. क्षेपणास्त्रे कोणत्या अंतरावर तैनात करायची, इशारा देणाऱ्या उपग्रहांच्या जवळ दुसऱ्याचे उपग्रह किती येऊ द्यायचे, चाचणीची पूर्वसूचना किती आधी द्यायची, या सर्व बाबी बाहेरून तपासता येतात आणि त्यांतली प्रत्येक बाब ती मिनिटे वाढवते किंवा घटवते. पुढची वाटाघाट तिथून सुरू व्हावी, असे मला वाटते.